दिंडी कशी बांधावी

ज्येष्ठ महिना लागण्याआधीच गावोगावच्या देवळांत वारीच्या बैठका सुरू होतात. यंदा भिशी किती धरायची, ट्रक कोणाचा सांगायचा, पाले किती लागतील, आचारी कोण, टँकरचे काय, अशी सगळी चर्चा होते आणि व्हायलाच पाहिजे. पण एक गोष्ट त्या बैठकीत बहुधा निघतच नाही. माणसे कोणती येणार, त्यांचे स्वभाव कसे, कोणाच्या अंगी काय गुण आहे आणि कोणाला कोठे उभे करायचे, याचा विचार कोणी करीत नाही. तांदळाची पोती मोजली जातात, माणूस मोजायचा राहून जातो.

आणि दिंडी मोडते ती तांदूळ कमी पडला म्हणून मोडत नाही, बरं का. तांदूळ शेजारची दिंडी देते, वाटेवरचे गाव देते. दिंडी मोडते ती मनांमुळे. वर्षानुवर्षे एका पंगतीला बसलेली माणसे एखाद्या वर्षी दोन ठिकाणी पाल ठोकतात. एका गावच्या दोन दिंड्या होतात. मग गावातला सप्ताहही दोन ठिकाणी बसतो आणि एकाच देवाचे नाव घेणारे एकमेकांच्या कीर्तनाला जाईनासे होतात. यापरती हानी कोणती? म्हणून निरनिराळ्या गुणांची आणि निरनिराळ्या स्वभावांची माणसे एका चालीत कशी आणावीत, याचा थोडा विचार या पाठात करू.

जथा आणि दिंडी

शंभर माणसे एका रस्त्याने चालली म्हणजे दिंडी होत नाही. आठवड्याच्या बाजारालाही शंभर माणसे एकाच रस्त्याने जातात. तो जथा झाला. दिंडीत प्रत्येकाला जागा असते आणि प्रत्येक जागेला काम असते. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंगवादक, मग वीणेकरी आणि मागे तुळस व पाण्याचा हंडा डोईवर घेतलेल्या माता. ही मांडणी नुसती शोभेची नाही. पताका उंच आणि पुढे असली म्हणजे मागे पडलेल्याला आपली दिंडी लांबून ओळखू येते. मृदंग टाळांच्या मध्ये असला म्हणजे ठेका सगळ्या रांगांना सारखा ऐकू जातो. वीणेकरी अभंग धरतो, चाल लावतो. त्याने चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात.

आता पाहा, या प्रत्येक जागेला गुण वेगळा लागतो. वीणेकऱ्याला पाठांतर हवे आणि मन शांत हवे. गळा मध्यम असला तरी भागते. पखवाजीला हात हवा, पण त्याहून कान हवा, कारण टाळकऱ्यांची लय वाढू लागली तर ती आवरणारा तोच. टाळकऱ्याला आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळता आला पाहिजे. ज्याला आपलाच आवाज ऐकायचा आहे त्याने घरी गावे. पताका घेणाऱ्याला पायांत बळ आणि डोळ्यांत जाग पाहिजे. हंडा घेणाऱ्या माउलीला एखादा अभंग येत नसेलही, पण तहानलेला कोण हे तिला तोंडाकडे पाहून कळते. हाही गुणच आहे.

याखेरीज एक दुसरी दिंडी असते, ती रस्त्यावर दिसत नाही. मध्यरात्री उठून चूल पेटविणारा आचारी, पुढे जाऊन तळावर जागा धरणारे आणि पाले ठोकणारे तरुण, टँकरपाशी पाळी लावणारा, औषधाची पेटी सांभाळणारा, हिशेब लिहिणारा. फोटोत हे नसतात. पण हे चार दिवस नसले तर टाळ वाजवायला हात उचलणार नाहीत.

यज्ञाचा दाखला

आम्ही पाठशाळेत असताना गुरुजी सोमयागाची रचना समजावून सांगत. सोमयागात सोळा ऋत्विज असतात. त्यांत चार मुख्य आणि प्रत्येकाच्या हाताखाली तीन. होता ऋग्वेदाच्या ऋचा म्हणतो. अध्वर्यू यजुर्वेदाचा, तो हाताने काम करतो, वेदी मोजतो, आहुती देतो. उद्गाता सामगायन करतो. आणि चौथा ब्रह्मा. हा बहुतेक वेळ मौन धरून बसलेला असतो, सगळ्यांकडे लक्ष ठेवतो आणि कोठे चूक झाली तर ती सावरतो. छांदोग्य उपनिषदात सांगितले आहे की ब्रह्म्याने मध्येच मौन मोडले तर यज्ञ एका चाकाच्या रथासारखा लंगडा पडतो.

केवढी सूक्ष्म दृष्टी आहे पाहा! बोलणारा वेगळा, करणारा वेगळा, गाणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. चौघांतला एकही दुसऱ्याचे काम करीत नाही. आपल्या दिंड्यांत काय होते? दिंडीचा प्रमुख स्वतःच वीणा घेतो, मध्येच आचाऱ्यावर ओरडून येतो, मग ट्रकवाल्याशी भांडतो आणि रात्री कीर्तनालाही तोच उभा राहतो. संध्याकाळी तो थकलेला असतो आणि बाकीचे रिकामे असतात. रिकामा माणूस दोष काढतो. प्रमुखाने ब्रह्म्याची जागा घ्यावी. थोडे बोलावे, सगळीकडे पाहावे आणि जेथे उणे पडेल तेथे जावे.

हैबतबाबांची बांधणी

आपल्या सोहळ्याचाच इतिहास पाहू. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीचा सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा सोहळा स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. हैबतबाबा शिंदे सरकारच्या पदरी ग्वाल्हेरला होते, असे परंपरा सांगते. लष्करी शिस्त त्यांच्या अंगात होती. पण शिस्त एकटीने सोहळा होत नाही. घोडे, तंबू, नैवेद्य यांची व्यवस्था अंकलीच्या शितोळे सरदारांनी पत्करली. भजनाची बाजू वासकर, शेडगे, खंडोजीबाबा अशा मंडळींनी धरली. एकाजवळ व्यवस्था, एकाजवळ साधन, एकाजवळ नाम. सरदाराने टाळकरी होण्याचा हट्ट धरला नाही आणि टाळकऱ्याने सरदाराचे वैभव मागितले नाही. ज्याने त्याने आपले आणले आणि माउलींच्या पायाशी ठेवले. म्हणून जवळजवळ दोनशे वर्षे ती घडी टिकली. हैबतबाबांची पायरी आजही आळंदीच्या महाद्वारात आहे. तिला हात लावल्याशिवाय वारकरी आत जात नाही.

स्वभावाला औषध नाही, पण जागा आहे

गुणाचे एक झाले. स्वभावाचे काय करावे? लोक म्हणतात, स्वभावाला औषध नाही. खरे आहे. पण स्वभावाला जागा देता येते.

सांख्यांनी सत्त्व, रज, तम या तीन गुणांना दिव्याची उपमा दिली आहे. टीकाकारांनी ती उलगडून सांगितली. वात आणि तेल ही दोन्ही अग्नीच्या विरुद्ध. तेल जास्त झाले तर ज्योत विझते, ज्योत वाढली तर वात जळून जाते. पण प्रमाणात एकत्र आली की तिघे मिळून उजेड देतात. एकमेकांच्या विरुद्ध असूनही एका कामाला लागतात. दिंडीत नेमके हेच साधायचे असते.

तो कसा साधावा, हे उदाहरणांनी सांगतो. एक माणूस कष्टाळू आहे पण तापट आहे. त्याला पंगतीत वाढायला ठेवू नका. एखाद्या म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा आमटी मागितली की हा खेकसेल आणि म्हातारा उपाशी उठेल. त्याला पाले ठोकायला, सामान चढवायला द्या. तेथे त्याचा ताप खुंटीवर उतरेल. दुसरा हिशेबी, पैसा सोडता सुटत नाही असा. त्याच्या हाती वही द्या, पळी देऊ नका. तिसरा अखंड बोलणारा. त्याला मागच्या वृद्धांबरोबर चालवा. त्यांची वाट सरते आणि कोण मागे राहिला ते त्याला आपोआप ठाऊक असते. चौथा सदा दोष काढणारा. लोक त्याला टाळतात. पण असा माणूस फार उपयोगाचा! तळ हलताना त्याला शेवटी निघायला सांगा. चूल विझली का, जागा स्वच्छ झाली का, कोणाचे काय राहिले, हे त्याच्या नजरेतून सुटायचे नाही. पाचवा लाजरा, कोणी विचारल्याशिवाय पुढे न येणारा. त्याला एकच लहानसे काम द्या, रोज तेच द्या आणि त्याच्या देखत ते दुसऱ्याने करू नये. आठ दिवसांत तो मान वर करून चालू लागतो.

पण हे कळण्यासाठी प्रमुखाने माणूस आधी पाहिलेला असला पाहिजे. आळंदीला पोहोचल्यावर जागा वाटू नयेत. गावातल्या सप्ताहात वाटून पाहाव्यात. सात दिवसांचा वीणापहारा म्हणजे एकशे अडुसष्ट तास. दोन-दोन तासांची पाळी धरली तर चौऱ्याऐंशी पाळ्या होतात. रात्री दोनची पाळी कोण बिनतक्रार घेतो, कोण पाळीवर वेळेआधी येतो, कोण दुसऱ्याचा उशीर गुपचूप भरून काढतो, हे त्या चौऱ्याऐंशी पाळ्यांत लख्ख दिसते. दुसरी परीक्षा लागत नाही.

आपले माप आपण सांगावे

प्रमुखाने पाहावे तसे प्रत्येकाने आपले माप स्वतः सांगावे. वाल्मीकिरामायणात किष्किंधाकांडाच्या शेवटी प्रसंग आहे. समुद्र शंभर योजने. तो कोण ओलांडणार? एकेक वानर पुढे येतो आणि आपली उडी सांगतो. गज म्हणतो, मी दहा योजने जाईन. गवाक्ष म्हणतो, वीस. असे करीत जांबवान येतो. तो म्हणतो, वय झाले, आता नव्वदपर्यंत जाईन. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येण्याची खात्री नाही. कोणी फुगवून सांगितले नाही आणि दहावाल्याला कोणी हसले नाही. मग जांबवान अंगदाला म्हणतो, तू आमचा धनी, तुला पाठवणे योग्य नाही. आणि शेवटी तो बाजूला गप्प बसलेल्या हनुमंताकडे जातो व त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण देतो.

या एका प्रसंगात तीन धडे आहेत. आपली शक्ती खरी सांगावी. नायकाने प्रत्येक उडी आपण मारू नये. आणि जो गप्प बसला आहे त्याच्याकडे कोणीतरी वडीलधाऱ्याने जावे. आमच्या दिंड्यांतही गप्प बसलेले हनुमंत पुष्कळ आहेत हो! त्यांना जांबवान भेटत नाही एवढेच.

शंका आणि समाधान

येथे कोणी शंका घेईल. “महाराज, आपल्या पंथात सगळे सारखे. एकमेकांच्या पाया पडतात. मग ही जागा याची आणि ती जागा त्याची, हा भेद कशाला? कोणाला वीणा आणि कोणाला भांडी?”

शंका रास्त आहे. समाधान असे की, कामाचा भेद आहे, मानाचा नाही. आणि जेथे मानाचा भेद शिरतो तेथे दिंडी आतून किडली असे समजावे. गोरोबाकाका मडकी घडवीत राहिले, सावतोबा अरणच्या मळ्यात राबत राहिले, नरहरी सोनारांनी सोनारकी केली, सेनामहाराजांनी हजामत केली, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, जनाबाई त्यांच्या घरची दासी, चोखोबांना तर महाद्वाराच्या आत पाऊल टाकू दिले नाही. पण संतमंडळीत यांच्यापैकी कोणाचे नाव गाळून चालते का? चाकणचे संताजी जगनाडे तेली. तुकोबारायांचे अभंग उतरून घेणाऱ्यांत त्यांचे नाव परंपरा आदराने घेते. वाघोलीचे रामेश्वरभट्ट आधी विरोधात होते, मग त्याच तुकोबांच्या भक्तांत आले. विरोध करणाऱ्यालाही जागा मिळाली, ही आपली रीत.

तेव्हा समता नुसती पाया पडण्यात मोजू नका. ती तीन ठिकाणी मोजा. पहिले ठिकाण कीर्तन. आचारी मंडळींच्या कानी वारीत कीर्तन पडते का? रोज संध्याकाळी ती चुलीपाशीच असतील तर त्यांनी वारी केली ती कसली? स्वयंपाकाच्या दोन तुकड्या करा, एक दिवस ही, एक दिवस ती. दुसरे ठिकाण पंगत. वाढणारे शेवटी जेवतात. त्यांच्या ताटाला काय उरते ते प्रमुखाने स्वतः पाहावे आणि त्यांच्यासोबत बसावे. तिसरे ठिकाण बैठक. दिंडीत माता-भगिनी मोठ्या संख्येने चालतात. चूल, तुळस, हंडा त्यांच्याकडे. आणि निर्णयाच्या बैठकीत मात्र एकही नाही, हे कसे? मुक्ताई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई यांची नावे घ्यायची आणि घरच्या माउलीला विचारायचे नाही, हे शोभत नाही. मुक्काम कोठे गैरसोयीचा आहे, आडोसा कोठे नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तंटा झाला तर

माणसे आहेत म्हणजे भांड्याला भांडे लागणारच. तंटा होऊ नये असे म्हणणे व्यर्थ. तो कसा मिटवावा हे मात्र आपल्या सोहळ्यानेच शिकवून ठेवले आहे. माउलींच्या तळावर समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. टाळमृदंगाचा घोष चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीत राहते. त्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. तक्रार ऐकली जाते, तोड निघते, टाळ थांबतात. मग हरवले-सापडलेले पुकारले जाते, उद्याची निघण्याची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

किती शहाणपण आहे यात! तक्रारीला वेळ नेमलेली, जागा नेमलेली. ती सगळ्यांसमोर होते, पाठीमागे नाही. आणि आरतीच्या आधी होते. मनात अढी ठेवून देवापुढे उभे राहायचे नाही. हीच रीत आपल्या लहान दिंडीत आणा. रात्रीच्या भजनाआधी घटकाभर सगळ्यांनी बसावे. ज्याचे टाळ वाजत असतील त्याने बोलावे. आजकाल तक्रार मोबाईलवर होते. तळावर बसून गावाकडे निरोप जातात, गावाकडून उलटे निरोप येतात आणि शेजारच्या पालातल्या माणसाला आपल्यावरचा राग तिसऱ्याकडून कळतो. फोन वाईट नाही. चुकलेल्या म्हाताऱ्याला शोधायला त्यासारखे साधन नाही. पण रुसवा त्यावरून धाडू नये. तो तोंडाने सांगावा आणि त्याच दिवशी सांगावा.

चाल कोणाच्या पायाची

एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा. दिंडीची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने ठरावी. पुण्याहून सासवडची मजल लांब, मध्ये दिवे घाट. तरुण पुढे जातात, वृद्ध मागे राहतात, ऊन वाढते. अशा वेळी पुढच्याला वाटते, आपण लवकर पोहोचलो. अहो, मागे एक माउली रस्त्याच्या कडेला बसली असेल तर दिंडी कोठे पोहोचली? ती अजून घाटातच आहे. सांख्यांच्या दृष्टांतात आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. एकाचे पाय, दुसऱ्याचे डोळे, दोघेही घरी पोहोचतात. तरुणांचे पाय आणि वृद्धांचे पाठांतर, यांचाही असाच सांधा जुळवावा. तरुणाने पिशवी उचलावी, वृद्धाने चालता चालता त्याला चाल शिकवावी.

ही शिकवण टाळू नका, कारण वेळ सांगून येत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही, पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. २०२२ मध्ये पुन्हा पायी वारी निघाली, तेव्हा किती ठिकाणी नेहमीचे वृद्ध वीणेकरी, पखवाजी दिसेनात. ज्यांनी आधीच दुसरा हात तयार केला होता त्यांची दिंडी उभी राहिली. ज्यांचे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात होते त्यांना मालिकेतला पुढचा अभंग कोणता हे आठवेना. म्हणून प्रत्येक जागेमागे एक शिकणारा असावा. वीणेकऱ्यामागे एक, पखवाजीमागे एक, आचाऱ्यामागे एक आणि प्रमुखामागेही एक.

काला

वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपुरी काल्याने होते. काला म्हणजे काय? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि देवाने त्या एकत्र कालवल्या. कोणाची भाकरी, कोणाचे दही, कोणाचे नुसते मीठ-मिरची. पेंद्या पायाने अधू, बोबड्याला नीट बोलता येईना, वाकड्या नावाप्रमाणेच. देवाने धडधाकट गडी निवडून खेळ मांडला नाही; जे आले त्यांचा मांडला. आणि एक लक्षात घ्या. सगळ्यांनी दहीच आणले असते तर त्याला काला कोण म्हणते? चव आली ती शिदोऱ्या निरनिराळ्या होत्या म्हणून. नुसत्या मिठाने तोंड खारट होते. पण काल्यात मीठ नसेल तर दहीही फिके लागते.

तात्पर्य सांगतो. माणूस आधी पाहावा, मग जागा द्यावी. काम वेगळे, मान एक ठेवावा. तक्रार समोर आणि त्याच दिवशी व्हावी. चाल मागच्याच्या पायाने धरावी. प्रत्येक हातामागे दुसरा हात तयार करावा.

येत्या एकादशीला देवळात बसाल तेव्हा तांदळाच्या यादीशेजारी माणसांची यादी करा. प्रत्येक नावापुढे त्याचा दोष लिहिण्याआधी त्याची शिदोरी काय, ते लिहा. गेल्या वर्षी रुसून गेलेल्याचेही नाव त्या यादीत घाला आणि दोघांनी त्याच्या घरी जाऊन यावे. पंढरीची वाट त्याच्याही उंबऱ्यावरून जाते.

राम कृष्ण हरी.